वाट न पाहणारे झाड

निवृत्त होऊन तीन वर्षे झाली, तरी वार्षिकांकाचे दिवस आले की मराठी विभागाच्या संपादकांना माझी आठवण होते, हे मी माझे भाग्य समजतो. यंदा दोघे विद्यार्थी-संपादक घरी आले. चहा झाला. विषय कोणता, म्हणून त्यांनी विचारले. मी म्हटले, "गांजा." दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मग त्यांतल्या मुलीने मोठ्या अदबीने विचारले, "सर, शीर्षकात तो शब्द नसला तर चालेल का?" चालेल म्हटले. म्हणून तो शीर्षकात नाही. लेखात मात्र आहे, आणि तो का आहे हे सांगण्यासाठीच हा खटाटोप.

गांजाचे नाव वर्गात निघाले की मागच्या बाकांवर खसखस पिकते. ती मी चौतीस वर्षे ऐकली. खरे सांगायचे तर त्या हशाला भिऊन मीही त्या कुळापाशी कधी फार वेळ थांबलो नाही. 'कॅनाबिस सटायव्हा; उपयोग धाग्यासाठी व मादक द्रव्यासाठी; पुढे चला,' एवढ्यावर भागवीत असे. नमुना दाखवण्याचा तर प्रश्नच नव्हता. पानाचा आकार कळावा म्हणून मी अंबाडीचे पान घेऊन जाई. अंबाडीचे शास्त्रीय नावच मुळी हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी. आपल्याकडच्या कानडी घरांतून जिला पुंडी म्हणतात आणि जिच्या भाजीवाचून जोंधळ्याची भाकरी घशाखाली उतरत नाही, तीच ही. रोज पुंडी खाणाऱ्या पोरांना तिच्या नावात कोण दडून बसले आहे हे कळले की पुन्हा हशा.

येथे एक खुलासा करून टाकतो. मी सहा वर्षे वसतिगृहाचा रेक्टर होतो. नशेपायी फुकट गेलेली मुले मी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या वडिलांना पत्रे लिहिली आहेत. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली हे झाड परवान्यावाचून लावणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तेव्हा हा लेख वाचून कोणी परसात काही पेरण्याच्या भानगडीत पडू नये. मला या झाडाच्या नशेविषयी काही सांगायचे नाही. त्याच्या घड्याळाविषयी सांगायचे आहे.

झाडांना घड्याळ असते, हे बी.एस्सी.च्या मुलांना ठाऊक आहेच. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याची कथा १९२० साली सुरू होई. अमेरिकेत गार्नर आणि ॲलर्ड या दोघा शास्त्रज्ञांकडे 'मेरिलंड मॅमथ' नावाची तंबाखूची एक अजब जात होती. उन्हाळ्यात ती पुरुषभर उंचीच्याही वर जाई, पानांवर पाने काढी, पण फुलाचे नाव नाही. हिवाळ्यात काचघरात ठेवली की लहानपणीच फुले. शेवटी त्यांनी भर उन्हाळ्यात तिच्या कुंड्या दुपारी उचलून अंधाऱ्या खोपटात ठेवायला सुरुवात केली. दिवस खोटाच लहान केला, आणि झाड फुलले. ऊब, खत, पाणी हे सारे बाजूला राहिले. झाड दिवसाची लांबी मोजत होते. खरे म्हणजे ते रात्र मोजते, पण ते पुढे समजले. या गुणाला आपल्या परिभाषेत दीप्तिकालिता असे जडजंबाळ नाव आहे. निपाणीच्या मुलांना हे शिकवताना मला नेहमी गंमत वाटे. त्यांच्या शेतांत तंबाखू उभी. पण पान जाड व्हावे म्हणून शेंडा खुडून टाकायचा, त्यामुळे तंबाखूचे फूल नीट पाहिलेली मुलेही वर्गात थोडीच निघत.

आता पाठ्यपुस्तकाने जे सांगितले नाही ते सांगतो. गार्नर-ॲलर्डच्या आठ वर्षे आधी, १९१२ साली, झुलिआं तुर्न्वा नावाच्या एका फ्रेंच संशोधकाला हीच गोष्ट दिसली होती. हिवाळ्याच्या अखेरीस लवकर पेरलेली त्याची रोपे कोवळेपणीच फुलून गेली, आणि त्याचे कारण आखूड दिवसात आहे, हे त्याने ओळखले. पुढे तो पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि काम तेथेच राहिले. त्याने ज्या दोन झाडांवर हे पाहिले त्यांतले एक हॉप आणि दुसरे हेम्प, म्हणजे आपला गांजाच. ज्या झाडापाशी हा सगळा अध्याय सुरू झाला, त्याच झाडावरून मी चौतीस वर्षे 'पुढे चला' म्हणत गेलो.

हे मला कळले तेही उशिराच, आणि एका माजी विद्यार्थ्यामुळे. बेळगाव तालुक्यातलाच मुलगा. नोकरीनिमित्ताने कॅनडात एडमंटनला स्थायिक झाला आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला आणि बहुतेक प्रांतांत एका घरामागे चार झाडे लावायची मुभा दिली. २०१९ च्या उन्हाळ्यात या गृहस्थाने आपल्या परसात चार झाडे लावली. त्याचा फोन आला तो असा: "सर, एक शंका होती. आईला मी टोमॅटो लावलेत असं सांगितलंय, तेव्हा घरी काही बोलू नका."

शंका अशी होती. चारांपैकी तीन बिया 'ऑटोफ्लॉवर' जातीच्या होत्या आणि एक नेहमीच्या जातीची. सगळ्या मेअखेर, कडक थंडी सरल्यावर पेरल्या. तीन ऑटो महिनाभरातच फुलू लागल्या आणि ऑगस्ट संपण्यापूर्वी तयारही झाल्या. चौथे झाड मात्र वाढतच राहिले. कुंपणाच्या वर गेले, पण कळी नाही. ऑगस्टच्या शेवटी कोठे त्याने फुले धरायला सुरुवात केली. सप्टेंबरच्या पावसाने त्या दाट तुऱ्यांत करडी बुरशी शिरली, आणि महिनाअखेरच्या एका रात्री हिमकडा पडून सकाळी सारे झाड काळे. "एकाच मातीत, एकाच दिवशी पेरलं होतं सर. मग असं का झालं?"

मी त्याला कागद-पेन घ्यायला सांगितले. सवय जात नाही. २१ जूनला बेळगावात दिवस सुमारे १३ तासांचा असतो, एडमंटनला १७ तासांचा. नेहमीचा गांजा लघुदिन झाड आहे: जातीजातीत फरक असतो, पण उत्तरेकडे सर्वसाधारणपणे दिवस १४ तासांच्या आसपास उतरल्यावाचून तो फुलोऱ्यावर येत नाही. एडमंटनला ही वेळ येते ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. तेथून फुलोरा पिकायला आणखी सात-आठ आठवडे धर, म्हणजे ऑक्टोबर संपत आला. आणि तुझ्याकडे हिमकडा केव्हा पडतो? सप्टेंबरात. म्हणजे त्या झाडाने काही चूक केली नाही. ते दिलेल्या घड्याळाप्रमाणे वागले. घड्याळ दुसऱ्या गावचे होते. ऑटोने घड्याळाकडे पाहिलेच नाही. तिने आपले वय मोजले, तीन-चार आठवड्यांची झाली आणि फुलली. आकाशात दिवस १७ तासांचा असो की १२ तासांचा.

(त्या पिकाचे त्याने पुढे काय केले ते मी विचारले नाही. काही प्रश्न शिक्षकाने न विचारलेले बरे.)

मग मला चैन पडेना. हा वाट न पाहण्याचा गुण आला कोठून? त्याचा माग लागतो तो रशियात, व्होल्गा नदीच्या काठच्या सारातोव्ह शहरी. १९२४ साली यानिशेव्हस्की नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या भागात माजणाऱ्या रानगांजाला 'कॅनाबिस रुडेरालिस' असे नाव दिले. रुडेरालिस म्हणजे मोडतोडीच्या, राडारोड्याच्या जागी उगवणारे. आपण उकिरड्यावरचे म्हणू. (आज बहुतेक शास्त्रज्ञ गांजाची एकच जाती मानतात, पण नाव टिकले ते टिकलेच.) ठेंगणे, फांद्या थोड्या, नशा नावापुरती. धागा काढावा तर उंची नाही, ओढावा तर अर्थ नाही. कोणी मुद्दाम पेरत नव्हते. पण तिकडचा उन्हाळा आखूड. आणि ज्या झाडाला दिवस लहान होण्याची वाट पाहत बसणे परवडत नव्हते त्याने वाट पाहणे सोडून दिले. जे थांबले ते बी न धरता मेले. इतके सरळ आहे ते.

योगायोग पाहा. याच सारातोव्हमध्ये निकोलाय व्हाव्हिलोव्ह प्राध्यापक होता. तणांना तुच्छ लेखू नका, पिकांचे नातेवाईक तेथेच सापडतात, हे जन्मभर सांगणारा आणि जगभर हिंडून बियाणे गोळा करणारा तो माणूस स्तालिनच्या राजवटीत पकडला गेला आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्याच तुरुंगात मेला. त्याच्या बियाण्यांचा संग्रह लेनिनग्राडमध्ये होता. शहराला जर्मनांचा वेढा पडला तेव्हा संस्थेतली काही माणसे भुकेने मेली, पण शेजारच्या पोत्यांतला तांदूळ, वाटाणा, मका त्यांनी खाल्ला नाही. या बियाण्यांच्या संग्रहात हेम्पही होते. त्यातल्या उत्तरेकडच्या वाणांतून १९९५ च्या सुमारास फिनलंडमध्ये कॅलवे या संशोधकाने 'फिनोला' नावाचा वाण काढला. कुओपिओ या गावाचा उन्हाळा आठवून पाहा: जूनमध्ये दिवस सुमारे २० तासांचा, आणि पिकाला मिळतात जेमतेम साडेतीन-चार महिने. तेथे फिनोला कमरे-छातीएवढी वाढते आणि दाणे देऊन मोकळी होते. नशा नगण्य, दाणा तेलाचा आणि खाण्याचा. कॅनडाने १९९८ पासून परवान्यावर हेम्प पेरू दिले, तेव्हा तिकडच्या गवताळ मैदानांत हीच फिनोला मोठ्या प्रमाणात गेली. आपल्याकडेही २०२१ पासून हेम्पच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता आहे, आणि उत्तराखंडाने २०१८ पासून हेम्पच्या लागवडीचे परवाने दिले आहेत. हौशी लोकांच्या ऑटो जातीही अशाच उकिरड्यावरच्या रक्तातून, अलीकडच्या पंचवीसएक वर्षांत, संकराने काढलेल्या.

येथवर वाचून वाटेल की लवकर येणारे बी म्हणजे देवाचा प्रसाद. मलाही क्षणभर वाटले. पण त्या विद्यार्थ्याच्या तीन ऑटोंपैकी एकीची हकिकत राहिली. ती त्याने आधी लहान डब्यात वाढवली आणि मग जमिनीत लावली. हलवताना मुळे दुखावली, त्यात आठवडाभर थंडी पडली. रोप वीतभर उंचीवर अडखळले. दुसरे झाड असते तर थांबले असते, सावरले असते, उशिरा का होईना मोठे झाले असते. ऑटोला थांबणे माहीतच नाही. वय झाले म्हणून ती वीतभर उंचीवरच फुलली आणि मूठभर पिकून संपली. म्हणूनच जाणकार लोक ऑटोची बी जेथल्या तेथे पेरतात, तिला हलवीत नाहीत. आकाशाकडे न पाहणारे झाड आकाशाच्या लहरीतून सुटते. पण त्याला एकही आठवडा वाया घालवता येत नाही.

त्याने हे सांगितले तेव्हा फोन माझ्या हातात तसाच राहिला. मला आमचा जोंधळा आठवला.

आमचे शेत बेळगावच्या पूर्वेला, काळ्या रानात. मृगावर पेरलेला गावरान जोंधळा पावसाळाभर वाढायचा. वडिलांच्या डोक्यावरून हातभर वर जायचा. पेरणी आठ दिवस अलीकडे झाली काय की पंधरा दिवस पलीकडे, निसवायचा मात्र दसऱ्याच्या सुमारासच. लहानपणी मला वाटे, जोंधळ्याला सण कळतो. कळत होते ते दिवसाचे आखडणे. जूनच्या १३ तासांवरून सप्टेंबरअखेरच्या १२ तासांवर येणे. एवढ्या तासाभराच्या फरकावर तो आपला फुलोरा धरायचा, म्हणजे दाणा भरायचा तो पाऊस उघडल्यावर. पिढ्यान्‌पिढ्या उघडिपीची वेळ त्या बियाण्यात मुरली होती.

देशातला पहिला संकरित जोंधळा, सीएसएच-१, १९६४ साली निघाला. त्याची आई अमेरिकेची होती. त्यामागून आणखी वाण आले. आमच्याकडे सगळ्यांना एकच नाव: हायब्रीड. त्या बियाण्यांनी देशाचे धान्य वाढवले हे मी नाकारीत नाही. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांनी ते नाकारू नये. १९७५ च्या पावसाळ्यात वडिलांनी सगळे रान हायब्रीडखाली घातले. मी तेव्हा सातवीत होतो. ठेंगणे, एकसारखे, सैन्यासारखे पीक. लोक बांधावर येऊन पाहून जात. बियाणे सांगितल्याप्रमाणे शंभर दिवसांच्या आत-बाहेर पिकले, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी. आणि पाऊस काही थांबेना. कणसे उभ्या ताटावर भिजली, दाण्यांवर आधी गुलाबी आणि मग काळी बुरशी चढली. आईने त्याची भाकरी केली, काळपट, कडवट. विकायला नेले तर व्यापाऱ्याने मूठ भरून पाहिली आणि परत पोत्यात टाकली. ठेंगण्या ताटाचा कडबाही तोकडा, तो उन्हाळ्याआधीच संपला. एक बैल विकावा लागला. दादा दहावीत होता. त्याला त्या वर्षी शाळेतून काढून रानात लावले. एक वर्षापुरते म्हणून काढले होते. तो पुन्हा शाळेत गेला नाही.

घरात कोणी बियाण्याला शिव्या दिल्या की वडील म्हणत, "बी खोटं न्हवं. म्हटल्यापरमानं शंभर दिसांत आलं. आभाळाला कुणीतरी सांगाय पायजे हुतं."

दादाच्या वाटणीचे शिक्षण मला मिळाले. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झालो, दरवर्षी फळ्यावर 'मेरिलंड मॅमथ' लिहीत राहिलो, आणि मेरिलंडच्या त्या झाडाचा आमच्या रानातल्या काळ्या दाण्यांशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात आले नाही. ते आले एडमंटनच्या परसातल्या गांजावरून. तेथे जे घड्याळ नसलेले बी झाडाला पावसाच्या बुरशीतून वाचवते, तेच घड्याळ नसलेले बी आमच्या रानात पिकाला बुरशीच्या तोंडी देते. तेथे धोका हंगामाच्या शेवटी उभा आहे, म्हणून लवकर सुटणारा जगतो. आमच्याकडे त्या साली धोका हंगामाच्या मध्यापासून शेवटापर्यंत पसरला होता आणि त्यातून सुटायचे तर उशीर करणे हाच शहाणपणा होता.

हे साम्य केवळ वरवरचे नाही. १९७२-७३ मध्ये मिरज तालुक्यातल्या आत्याकडे आम्ही रेशनचा लाल मिलो खाल्ला. अमेरिकेतून आलेला तो जोंधळाच. जोंधळा मूळचा आफ्रिकेतला, लघुदिन. तिकडच्या लांबलचक उन्हाळी दिवसांत तो वेळेवर फुलेना. अमेरिकेच्या कोरड्या मैदानांतल्या शेतकऱ्यांनी लवकर फुललेली ताटे निवडून निवडून तो आपलासा केला. त्या निवडीत नेमके काय बिघडले, किंवा सुधारले म्हणा, ते २०११ साली टेक्सासच्या संशोधकांनी दाखवले: घड्याळाशी बांधलेला पीआरआर-३७ नावाचा जनुक निकामी झालेला. आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ऑटोफ्लॉवर गांजाच्या एका कुळात बिघाड सापडला तो गांजाच्या पीआरआर-३७ मध्येच. सगळ्या ऑटो जातींत तोच आहे असे नव्हे. फुलण्याला अनेक दारे आहेत. पण एका बाजूला उकिरड्यावरचे तण, दुसऱ्या बाजूला दुष्काळातले रेशनचे धान्य, आणि दोघांच्या घड्याळाचा तोच काटा मोडलेला. वर्गात हे सांगायला मिळाले असते तर मागच्या बाकांवर काय झाले असते कोण जाणे. माझा अंदाज आहे, हशा पिकला नसता.

म्हणून माझ्या सहकाऱ्यांना, म्हणजे आज जे त्या फळ्यापुढे उभे आहेत त्यांना, माझे स्पष्ट म्हणणे आहे: हे झाड शिकवा. त्याचे कूळ, त्याचे घड्याळ, त्याचा कायदा, सगळे शिकवा. ज्या गोष्टीचे नाव शिक्षक चोरून घेतो ती मुले चोरूनच शिकतात आणि तिची फक्त नशाच शिकतात.

दुसरे म्हणणे मुलांसाठी आहे, विशेषतः ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्यासाठी. बाजारात आज बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर दिवस छापलेले असतात आणि दिवस जितके कमी तितके बी चांगले असे आपण धरून चाललो आहोत. भात, तूर, सोयाबीन, सगळ्यांत हीच शर्यत. जेथे पाऊस सप्टेंबरातच दगा देतो तेथे कमी दिवसांचे बी पोटापाण्याची तारणहार ठरते, यात शंका नाही. पण पिशवीवर तुमच्या गावचा पाऊस छापलेला नसतो. एडमंटनच्या माणसाला आपल्या पहिल्या हिमकड्याची तारीख पाठ असते. आपल्यापैकी किती जणांना आपल्या शिवारातला पाऊस कोणत्या आठवड्यात उघडतो हे गेल्या दहा वर्षांचे सांगता येईल? आकडेवारी शहरातल्या वेधशाळेची असते; शिवारातली कोणी लिहून ठेवीत नाही. २०१९ आणि २०२० च्या ऑक्टोबरात काढणीला आलेली, काढून ढीग मारलेली सोयाबीन किती गावांत पावसाने कुजली ते सर्वांना आठवत असेल. त्यानंतर तर कमी दिवसांच्या बियाण्यामागे लोक अधिकच धावू लागले, आणि ते समजण्यासारखेही आहे. पण मृगाला पेरलेले ८५ दिवसांचे सोयाबीन कापणीला येते ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. त्या पंधरवड्यात आपल्याकडे ऊन असते का, हा प्रश्न पेरण्याआधी विचारावा लागेल.

हा प्रश्न आमच्या घरातही आहे. ते रान आज दादाचा मुलगा कसतो. सात-आठ वर्षे तो जेएस-३३५ पेरत आला आहे, पंच्याण्णव-शंभर दिवसांचे. गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला, "काका, नवं बी आलंय. पंच्याऐंशी दिवसांत निघतंय म्हणं. घेऊ काय? तुमचं शिक्षण हेच न्हवं काय?"

त्याला 'घे' किंवा 'नको' सांगणे मला जड गेले. माझ्या शिक्षणाची किंमत त्याच्या बापाने मोजलेली आहे. मी त्याला विचारले, आपल्या रानात गेल्या काही वर्षांत सप्टेंबरात किती दिवस पाऊस झाला ते लिहिलेले आहे काय? नाही म्हणाला. मग मला आठवले की वडील भिंतीवरच्या कॅलेंडरात पावसाच्या दिवशी पेन्सिलीने रेघ ओढीत. थोड्या पावसाला एक, मोठ्याला दोन. ती कॅलेंडरे कोणी रद्दीत घातली असतील असे समजून मी विषय सोडला होता. पण वहिनींनी ती माळ्यावर, दोरीने बांधून, ठेवली होती. वडील गेल्यानंतरची काही वर्षे तर दादाने स्वतः रेघा ओढल्या आहेत. त्याची रेघ वडिलांपेक्षा जाड.

पुतण्याने पानांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. त्याने चार एकरांपैकी एका एकरात नवे बी घातले आणि उरलेल्यात जुनेच. दोन्हींच्या कापणीच्या तारखा त्याने या वर्षीच्या कॅलेंडरावर लिहिल्या आहेत, रेघांसकट. मी जुन्या पानांची वही करतो आहे, वर्ष आणि तारीख असे रकाने आखून. अजून अर्धीही झालेली नाही. त्याने सर्वांत आधी पाठवले होते ते १९७५ च्या सप्टेंबरचे पान. २० तारखेपासून ३० पर्यंत एकही चौकट कोरी नाही. २७ च्या चौकटीत दोन रेघा आहेत आणि त्यांच्याखाली वडिलांच्या अक्षरात एकच शब्द: 'जोंधळा'.